तांब्याची वाट आणि दोन सावकार

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात चीनचे पंतप्रधान ली छियांग झांबियाच्या राजधानीत, लुसाका येथे, गेले आणि टांझानिया-झांबिया लोहमार्गाच्या पुनरुज्जीवनाचा आरंभ त्यांच्या उपस्थितीत मोठ्या थाटाने झाला. त्याच्या आधी एक वर्ष, डिसेंबर २०२४ मध्ये, अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बायडन आफ्रिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, अंगोलातील लोबिटो बंदरापाशी, उभे होते; तेथून कांगोच्या आणि झांबियाच्या खाणींकडे जाणाऱ्या लोहमार्गास अमेरिकेचा पैसा व पाठिंबा मिळाल्याची ग्वाही ते देत होते. एक मार्ग हिंदी महासागराला मिळतो, दुसरा अटलांटिकला. एकामागे चीन उभा आहे, दुसऱ्यामागे अमेरिका. एक गृहस्थ मात्र दोन्ही समारंभांत हजर होते: झांबियाचे अध्यक्ष हाकाइंडे हिचिलेमा. दोन्हीकडे त्यांनी आनंद व्यक्त केला, दोन्हीकडे आभार मानले. जगातील बहुतेक वृत्तपत्रांनी या सगळ्याचे वर्णन 'शर्यत' या एका शब्दात केले. शर्यतीत धावणारे कोण, हे त्यांनी तपशिलाने सांगितले. परंतु ज्याच्या अंगणातून ही शर्यत चालली आहे त्या घरमालकाच्या पदरात काय पडणार, याची विचारपूस फार थोड्यांनी केली. आम्हांस आज ती करावयाची आहे.

झांबिया हा देश चहूंकडून जमिनीने वेढलेला. शेजारी आठ, समुद्र एकही नाही. जमिनीच्या पोटात तांबे आहे, पण ते विकावयाचे तर दुसऱ्याच्या दारातून नेल्यावाचून गत्यंतर नाही. २४ ऑक्टोबर १९६४ रोजी या देशावरचा ब्रिटिश अंमल संपला, तेव्हा त्याच्या निर्यातीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एकट्या तांब्याचा होता आणि त्या तांब्याच्या वाघिणी मुख्यतः दक्षिणेकडे, ऱ्होडेशियातून, पोर्तुगीजांच्या ताब्यातील मोझांबिकच्या बंदरांकडे जात. म्हणजे स्वातंत्र्य मिळाले, पण घराच्या दाराची किल्ली शेजारच्या गोऱ्या जमीनदाराच्या कनवटीला राहिली. जेमतेम वर्षभरानंतर, ११ नोव्हेंबर १९६५ रोजी, त्या जमीनदाराने, म्हणजे इयन स्मिथच्या अल्पसंख्य गोऱ्या सरकारने, ब्रिटनला न जुमानता स्वतःच्या स्वातंत्र्याची एकतर्फी घोषणा केली. अशा सत्तेच्या मेहेरबानीवर जगणे झांबियाचे अध्यक्ष केनेथ काउंडा यांना नामंजूर होते. उत्तरेकडे, टांझानियातील दारेसलाम बंदरापर्यंत, नवा लोहमार्ग हवा होता.

त्यासाठी ते आधी कोणाकडे गेले, हे विसरले जाता कामा नये. आज पश्चिमेतील काही मुत्सद्दी असे बोलतात की जणू आफ्रिकेने उठल्यासुटल्या चीनचे दार ठोठावले. वस्तुस्थिती उलट आहे. जागतिक बँकेने १९६४ मध्येच हा मार्ग किफायतशीर ठरणार नाही असा निर्वाळा दिला होता. ब्रिटन व अमेरिका यांनी पैसा देण्यास नकार दिला. ताळेबंदाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे अगदीच खोटे होते असे नाही. माल दक्षिणेकडे नेणे स्वस्त होते यात शंका नव्हती. पण जो माणूस मारेकऱ्याच्या ओसरीवरून रोज जा-ये करतो त्याला 'हीच वाट जवळची' असे समजावून सांगणे हा हिशेब कोणत्या वहीत बसतो? टांझानियाचे अध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे १९६५ च्या फेब्रुवारीत पेकिंगला गेले आणि चीनने हा मार्ग बांधून देण्याची तयारी दाखवली. सप्टेंबर १९६७ मध्ये तिन्ही देशांचा करार झाला. ९८ कोटी ८० लाख युआनचे कर्ज, व्याज शून्य, फेडीची मुदत ३० वर्षे. स्थानिक खर्चासाठी लागणारा पैसा उभा करण्याची युक्तीही ठरली: चिनी माल या दोन देशांच्या दुकानांतून विकावयाचा आणि आलेल्या पैशातून मजुरांचे पगार द्यावयाचे.

१९७० च्या अखेरीस काम सुरू झाले आणि १९७५ मध्ये रूळ दारेसलामपासून झांबियातील कापिरी म्पोशीपर्यंत पोहोचले. अंतर १,८६० किलोमीटर. वाटेत डोंगर, दलदली, तीनशेहून अधिक पूल आणि वीसाहून अधिक बोगदे. १९७६ च्या जुलैमध्ये मार्ग रीतसर स्वाधीन करण्यात आला. बांधकामाच्या काळात तेथे येऊन गेलेल्या चिनी कामगारांची व तंत्रज्ञांची संख्या तीस ते पन्नास हजारांच्या दरम्यान सांगतात. त्यांतले साठाहून अधिक तेथेच मरण पावले. हे सारे करणारा चीन त्या काळी सांस्कृतिक क्रांतीच्या धुमश्चक्रीत सापडलेला होता आणि दरडोई उत्पन्नाच्या दृष्टीने झांबियाहूनही गरीब होता. गरिबाने गरिबाला उसने दिले, ही गोष्ट आफ्रिकेतील माणसे अद्याप विसरलेली नाहीत, आणि त्यांनी ती का विसरावी?

अर्थात चीनने हे निव्वळ भूतदयेपोटी केले असे समजणे भाबडेपणाचे होईल. त्याला संयुक्त राष्ट्रसंघात आपली जागा हवी होती. ती तैवानकडे होती. २५ ऑक्टोबर १९७१ रोजी आमसभेत मतदान झाले. ७६ राष्ट्रे चीनच्या बाजूने, ३५ विरुद्ध, १७ तटस्थ. त्या ७६ मध्ये २६ आफ्रिकी राष्ट्रे होती. आफ्रिकेतील मित्रांनी आपल्याला उचलून आत नेले, अशा आशयाचे उद्गार माओंनी पुढे काढल्याचे सांगतात. मोबदला चोख मिळाला. पण व्यवहाराला व्यवहार म्हणण्यात कमीपणा नाही. राष्ट्रांच्या मैत्रीत हेतू पाहून चालत नाही, अटी पाहाव्या लागतात. आणि १९६७ च्या कराराच्या अटी कोणाही निष्पक्षपाती परीक्षकाने चांगल्या म्हणाव्यात अशाच होत्या.

या कथेचा एक भाग मात्र सहसा सांगितला जात नाही, आणि आमच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. काउंडांनी रेल्वे चीनकडून घेतली म्हणून ते चीनच्या गोटात गेले नाहीत. त्याच काळात दारेसलाम ते झांबिया हा मोठा रस्ता सुधारण्यासाठी त्यांनी व न्येरेरेंनी अमेरिकेचा पैसा घेतला. खनिज तेल आणण्यासाठी १,७०० किलोमीटरहून लांब नळमार्ग घातला, तो इटालियन कंपनीकडून. १९६८ मध्ये तो सुरूही झाला. रस्ता एकाचा, नळ दुसऱ्याचा, रूळ तिसऱ्याचे, आणि तिन्ही एकाच बंदराकडे जाणारे! ज्याला 'अलिप्तता' म्हणतात ती परिषदांतील ठरावांत असते असा समज आहे. आम्हांस ती या तीन समांतर वाटांत अधिक स्पष्ट दिसते. आपल्याकडेही भिलाईचा पोलाद कारखाना रशियाने, रूरकेलाचा जर्मनीने आणि दुर्गापूरचा ब्रिटनने उभारून दिला. बोकारोबाबत अमेरिकेने काखा वर केल्या तेव्हा रशिया पुढे आला. आपल्याला काय हवे हे आधी ठरवून मग देणाऱ्यांच्या दारी जाणे, आणि दाता काय देतो ते पाहून आपली गरज ठरवणे, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. काउंडा आणि न्येरेरे दोघेही मुळात शाळामास्तर होते. न्येरेरेंना तर त्यांचे लोक अखेरपर्यंत 'म्वालिमू', म्हणजे 'गुरुजी', म्हणत. फळ्यावर आधी प्रश्न लिहावा आणि मगच उत्तराला लागावे, ही सवय त्या पेशात लागते, असे त्याच पेशात उमेदीची वर्षे घालवलेल्या आम्हांस वाटले तर वाचकांनी तो पक्षपात समजून घ्यावा.

तथापि महासत्तांच्या स्पर्धेतून जे मिळते ते त्याच स्पर्धेत हरपतेही. झांबियाला अटलांटिककडे जाण्याची वाट पूर्वीपासून होती. लोबिटोपासून निघणारा बेंग्वेला लोहमार्ग एका ब्रिटिश उद्योजकाने काढलेला होता व १९३१ पासून तो कांगोच्या खाणींना जोडलेला होता. १९७५ मध्ये पोर्तुगीज अंगोलातून गेले आणि तेथे यादवी पेटली. एका पक्षाला रशियाची शस्त्रे व क्यूबाचे सैनिक, दुसऱ्याला अमेरिकेचा पैसा व दक्षिण आफ्रिकेच्या फौजा. या ओढाताणीत तो लोहमार्ग बंद पडला, आणि तो असा की पुढे एक पिढी त्यावरून सलग गाडी गेली नाही. म्हणजे ज्या वर्षी पूर्वेकडचे रूळ चीनने जोडून दिले, त्याच वर्षी पश्चिमेकडचे रूळ इतरांच्या भांडणात तुटले. योगायोग म्हणून या गोष्टीकडे पाहता येईल. झांबियाच्या खाणकामगाराला ती तशी वाटली नसेल. त्याच सुमारास जगाच्या बाजारात तांब्याचा भाव कोसळला. नव्या मार्गावरची चिनी इंजिने चढावर दमू लागली, दारेसलामच्या धक्क्यावर माल तुंबू लागला, खते वेळेवर येईनात. ऑक्टोबर १९७८ मध्ये काउंडांना मान खाली घालून ऱ्होडेशियाचाच मार्ग पुन्हा उघडावा लागला. ज्या ओसरीवरून जावयाचे नाही म्हणून दहा वर्षे धडपड केली, तिच्याच पायऱ्या पुन्हा चढाव्या लागल्या.

त्यानंतर या लोहमार्गाची कहाणी कण्हत कण्हत चालते. १९८० मध्ये ऱ्होडेशियाचे झिंबाब्वे झाले, १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट संपली, आणि ज्या राजकीय कारणासाठी मार्ग बांधला होता ते कारणच उरले नाही. दोन सरकारांची समाईक मालकी म्हणजे दोघांचेही दुर्लक्ष. इंजिने दुरुस्तीला पैसा नाही, कामगारांचे पगार थकलेले, माल सारा मोटारट्रकांकडे गेलेला. वर्षाला वीस लाख टन माल वाहण्याच्या अपेक्षेने बांधलेल्या मार्गावर २०१५ च्या सुमारास एक लाख टनसुद्धा माल जाईना. बांधून देणारा निघून जातो, चालवणारा घरातच तयार व्हावा लागतो. स्वातंत्र्याच्या दिवशी झांबियातील पदवीधरांची संख्या शंभराच्या आसपास होती. १९६६ मध्ये तेथील विद्यापीठ उघडले, त्यासाठी गावोगावच्या लोकांनी पैसा नसेल तेथे धान्य आणि कोंबड्या दिल्या. इतक्या खोल खड्ड्यातून वर येणाऱ्या राष्ट्राला रेल्वे नीट चालवता आली नाही म्हणून हसण्याचा अधिकार निदान त्याला त्या खड्ड्यात ठेवणाऱ्यांना नाही.

मात्र २०१२ नंतर जे घडले त्याचा सारा दोष साम्राज्यवादाच्या माथी मारता येणार नाही. मधल्या काळात जुनी कर्जे माफ झाली होती, तांब्याला भाव आला होता, आणि लंडन-न्यूयॉर्कच्या भांडवलबाजाराने झांबियाकडे हसून पाहिले. २०१२, २०१४ आणि २०१५ या तीन वेळा मिळून सरकारने ३०० कोटी डॉलरचे रोखे विकले. दुसऱ्या बाजूने चिनी बँकांची कर्जे येत राहिली. त्यांतून रस्ते, विमानतळ, वीज प्रकल्प उभे राहिले. दोन्ही सावकार उदार, दोघांच्याही वह्या वेगळ्या, आणि एकाने दिलेले दुसऱ्याला कळू नये अशी व्यवस्था. चिनी कर्जांच्या करारांत गुप्ततेची कलमे असतात, ही तक्रार जुनीच आहे. काउंडांनीही अनेकांकडून घेतले आणि या नव्या राज्यकर्त्यांनीही अनेकांकडून घेतले. फरक इतकाच की पहिल्याने प्रत्येकाकडून काय घेतले ते देशाला ठाऊक होते. नोव्हेंबर २०२० मध्ये रोख्यांवरील व्याजाचा सुमारे सव्वाचार कोटी डॉलरचा हप्ता चुकला आणि झांबियाचे दिवाळे जाहीर झाले. कोरोनाच्या साथीत असे दिवाळे वाजलेला तो आफ्रिकेतील पहिला देश. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मतदारांनी सरकार बदलले. नव्या सरकारने वह्या उघडल्या, तेव्हा चिनी कर्जाचा आकडा आधी सांगितल्यापेक्षा पुष्कळच मोठा निघाला.

पुढच्या तीन वर्षांत जे झाले ते आफ्रिकेतल्या प्रत्येक अर्थमंत्र्याने मेजाच्या काचेखाली ठेवावे असे आहे. दिवाळे निघाले की कुळाने सावकारांना एकत्र बसवून हप्ते बांधून घ्यावयाचे, ही रीत. परंतु येथे सावकारांचेच आपसात वैर! चीनचे म्हणणे, एकट्या आम्हीच का सोडावे, जागतिक बँकेनेही सोडावे. पश्चिमेचे म्हणणे, आम्ही सूट द्यावयाची आणि त्या पैशातून चीनची फेड व्हावयाची, हे आम्हांला मान्य नाही. रोखेधारकांचे म्हणणे, आधी सरकारांनी आपले काय ते ठरवावे. जून २०२३ मध्ये पॅरिस येथे अखेर ६३० कोटी डॉलरच्या सरकारी कर्जाची फेररचना ठरली. त्यांतले सुमारे ४१० कोटी एकट्या चीनच्या निर्यात-आयात बँकेचे होते. फेडीची मुदत २०४३ पर्यंत लांबवण्यात आली. यानंतर रोखेधारकांशी झालेली तडजोड सरकारी सावकारांनी एकदा फेटाळली, ती जुळावयास २०२४ चा जून उजाडला. म्हणजे दिवाळ्यापासून तडजोडीपर्यंत साडेतीन वर्षे! या अवधीत नवे भांडवल अडले, चलन घसरले, आणि २०२४ च्या आरंभी भीषण अवर्षण पडून पीक करपले व करीबा धरणाची वीज आटली. दोन बड्यांनी एकमेकांस धडा शिकवावा आणि त्याची छडी तिसऱ्याच्या पाठीवर पडावी, असा हा प्रकार. यात चीन अधिक दोषी की पश्चिम, या वादात आम्ही पडत नाही. दोघांनाही झांबिया वाचवण्यापेक्षा पुढच्या दिवाळखोराशी वागण्याचा आपल्या सोयीचा पायंडा पाडणे महत्त्वाचे वाटले, एवढे मात्र नक्की.

आता पुन्हा त्या दोन लोहमार्गांकडे येऊ. पश्चिमेकडचा बेंग्वेला मार्ग अमेरिकेच्या चीनविरोधी डावाचे निशाण म्हणून मिरवला जातो. परंतु यादवीनंतर तो मार्ग पुन्हा बांधला कोणी? चीनने, २००६ ते २०१४ या काळात. २०२२ मध्ये अंगोलाने तो चालवण्याचा ३० वर्षांचा मक्ता युरोपीय कंपन्यांच्या एका गटास दिला, तेव्हा हरलेल्या स्पर्धकांत चिनी कंपन्या होत्या. पण जिंकलेल्या गटातील मोटा-एंजिल या पोर्तुगीज कंपनीत सुमारे एक तृतीयांश भाग एका चिनी सरकारी कंपनीचा आहे! या गटास अमेरिकेने ५५ कोटी डॉलरचे कर्ज देऊ केले. त्या रुळांवरून जे कोबाल्ट व तांबे जावयाचे त्यांतला मोठा भाग कांगोतील ज्या खाणींतून निघतो, त्यांपैकी अनेक चिनी मालकीच्या आहेत. वॉशिंग्टनमधील भाषणांत जी सरळ रेषा दिसते ती जमिनीवर अशी वेटोळी घेत जाते. अंगोलाच्या सरहद्दीपासून झांबियाच्या ताम्रपट्ट्यापर्यंत सुमारे ८०० किलोमीटरचा नवा फाटा व्हावयाचा आहे. भाषणे पुष्कळ झाली, रूळ पडावयाचे आहेत. पूर्वेकडच्या मार्गासाठी चिनी कंपनी १४० कोटी डॉलर घालणार, पहिली तीन वर्षे दुरुस्ती करणार आणि पुढची सत्तावीस वर्षे मार्ग स्वतः चालवून पैसा वसूल करणार. १९६७ चे बिनव्याजी कर्ज आणि २०२५ चा हा मक्ता यांत चीनचा गेल्या अर्धशतकातला प्रवास सामावलेला आहे. तेव्हा तो मते मागण्यास आला होता. आज तो धंद्यास आला आहे, आणि ते त्याने लपवलेलेही नाही.

हिचिलेमांचे सरकार दोघांनाही हो म्हणत आहे. खाणींकडे पाहिले तरी तेच धोरण दिसते: तीन मोठ्या खाणी कॅनडाच्या कंपन्यांकडे, मोपानीचा अधिक हिस्सा अबू धाबीकडे, कोंकोला वेदान्तकडे, चंबिशी व लुआन्शा चीनकडे. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनवरील आक्रमणाबद्दल रशियाचा निषेध करणारा ठराव आमसभेत आला, तेव्हा आफ्रिकेतील २८ देश ठरावाच्या बाजूने होते, १७ तटस्थ राहिले, ८ मतदानास आलेच नाहीत आणि एकटा एरिट्रिया विरुद्ध गेला. झांबियाने ठरावाला मत दिले. त्याच्या दोन्ही लोहमार्गांच्या टोकांचे देश, टांझानिया व अंगोला, तटस्थ राहिले. 'आफ्रिका कोणाच्या बाजूला?' असा प्रश्न विचारणाऱ्यांना हे उत्तर गोंधळाचे वाटते. आम्हांस त्यात गोंधळ दिसत नाही. ५४ राष्ट्रांनी एका आवाजात बोलावे अशी अपेक्षा युरोपकडून कोणी करत नाही.

तेव्हा दोघांकडून घेण्याचे धोरण बरोबर आहे. प्रश्न ते पेलण्याच्या ताकदीचा आहे, आणि त्याची कठोर परीक्षा रेल्वेच्या समारंभात न होता एका नदीच्या काठी झाली. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी चंबिशीजवळ एका चिनी सरकारी कंपनीच्या मालकीच्या तांबे-कारखान्याचा गाळाचा बांध फुटला आणि कोट्यवधी लिटर आम्लमय पाणी ओढ्यावाटे काफुए नदीत गेले. मासे मेले, काठची पिके जळाली, कितवे या मोठ्या शहराचा पाणीपुरवठा बंद ठेवावा लागला. झांबियाच्या निम्म्याहून अधिक लोकसंख्येची वस्ती या नदीच्या खोऱ्यात आहे. कंपनीने क्षमा मागितली, सरकारने विमानातून चुना टाकून आम्ल मारण्याची खटपट केली. ऑगस्ट महिन्यात अमेरिकेच्या वकिलातीने आपल्या माणसांना त्या भागातून निघून जाण्याचा हुकूम दिला व पाणी-माती धोकादायक असल्याचा इशारा दिला. झांबिया सरकारने उत्तर दिले की घाबरण्याचे कारण नाही. आता काठावरच्या शेतकऱ्याने कोणाचे ऐकावे? इशारा देणारा आपल्या प्रतिस्पर्ध्याचे उणे काढण्यास टपलेला. धीर देणारा त्याच प्रतिस्पर्ध्याचा ऋणको. विहिरीतील पाण्यात किती विष आहे हा रसायनशास्त्राचा साधा प्रश्न, तोही परराष्ट्र-राजकारणाचा होऊन बसला! त्याच वर्षाच्या मे महिन्यात अमेरिकेने झांबियाची ५ कोटी डॉलरची औषधमदत तोडण्याचे जाहीर केले होते. कारण दिले होते औषधांच्या चोरीचे, आणि ते खोटे नव्हते. जुलैमध्ये तर अमेरिकेने परदेशी मदतीचे आपले खातेच गुंडाळले. एका हाताने पाण्याविषयी कळवळा आणि दुसऱ्याने औषध बंद, हे लोकांनी पाहिले.

आपण भारतीयांनी येथे चीनच्या नावाने बोटे मोडण्यापूर्वी थोडे थांबावे. याच नदीच्या वरच्या अंगाला, चिंगोला येथे, भारतीय उद्योगपतींनी उभारलेल्या वेदान्त समूहाची खाण आहे. तिच्या सांडपाण्याने आमची शेते व पाणी नासले, अशी फिर्याद घेऊन तेथील हजाराहून अधिक गावकरी लंडनच्या न्यायालयापर्यंत गेले. मूळ कंपनीवर इंग्लंडमध्ये दावा चालू शकतो, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये दिला. २०२१ मध्ये कंपनीने दोष मान्य न करता तडजोड केली. नदीला मालकाचा रंग कळत नाही.

त्या निर्णयात एक गोष्ट अशी आहे की जी झांबियाच्या राज्यकर्त्यांना टोचावयास हवी. गावकऱ्यांना इंग्लंडमध्ये का यावे लागले, याचा विचार करताना न्यायमूर्तींनी नमूद केले की इतक्या मोठ्या व गुंतागुंतीच्या दाव्यास लागणारा पैसा व अनुभवी वकील झांबियात मिळणे कठीण आहे, आणि त्यामुळे तेथे खरा न्याय मिळण्याचा संभव नाही. स्वतंत्र राष्ट्राच्या बाबतीत परक्या न्यायालयाने असे लिहावे हे सुखाचे नाही. पण ते खोटे ठरवण्याचे काम निषेधाच्या पत्रकाने होणारे नव्हे. झांबियाने २०२४ मध्ये सुमारे आठ लाख वीस हजार टन तांबे काढले. दशकभरात ते तीस लाख टनांवर न्यावयाचे असा सरकारचा संकल्प आहे. उत्पादन चौपट म्हणजे गाळाचे बांध चौपट, वाघिणी चौपट, करारांचे कागदही चौपट. ते कागद वाचणारे कायदेपंडित, बांध तपासणारे अभियंते, पाण्याची परीक्षा करून खरा आकडा जाहीर करण्याचे धैर्य असलेले रसायनतज्ज्ञ, हे कोणत्याही महासत्तेच्या मदतीच्या यादीत आम्हांस ठळकपणे दिसले नाहीत. खाणीतून काढलेले तांबे देशातच शुद्ध करून त्याची तार, पत्रा व विद्युत्घट बनवण्याची योजना डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिका, कांगो व झांबिया यांच्यात कागदावर आली. दोन्ही लोहमार्गांचे तोंड मात्र आजही बंदराकडेच आहे.

काफुएच्या काठचे १७६ शेतकरी सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयात गेले आहेत. त्यांनी बांध फुटलेल्या कंपनीवर भरपाईचा प्रचंड दावा लावला असून, लोकांच्या तातडीच्या गरजांसाठी पैसा वेगळा काढून ठेवावा अशीही मागणी केली आहे. या खेपेस त्यांनी लंडन गाठलेले नाही. दावा लुसाका येथील उच्च न्यायालयात दाखल झाला आहे.